सोळावं कलम

वहिनींनी पदर खोचला, दोन्ही हातांनी घण उचलला आणि आमच्या कंपनीने नापास केलेल्या पंपाच्या बॉडीवर असा हाणला, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली. पुढचे घाव घालायला त्यांच्या भट्टीवरचे दस्तगीर मिस्त्री सरसावले. मी चहाची कपबशी धरून बाजूला उभा होतो. घणाच्या आवाजासरशी मी दोन पावलं मागे सरकलो.

"घाबरलासा व्हय वाळिंबेसाहेब?" घण खाली टेकवत वहिनी म्हणाल्या. "आमचा रिवाज हाय ह्यो. खोटा माल रातभर शेडात ठेवायचा न्हाई. दिवस मावळायच्या आत फोडायचा आणि भट्टीत टाकायचा. पयला घाव मालकाचा. चूक कुणाची बी असू दे, नाव मालकाचं जातंय."

वहिनी म्हणजे शालन शिंत्रे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली शिंत्रे फौंड्री त्यांच्या यजमानांची. ते अचानक गेले, तेव्हा लोकांना वाटलं आता भट्टी विझणार. बाईंनी तेराव्यानंतर शेडमध्ये खुर्ची टाकली ती टाकलीच. कामगारांपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना वहिनी म्हणत. त्या भागातल्या पुष्कळ बायकांसारखं त्या 'मी आलो, मी सांगतो' असं बोलायच्या आणि त्यांच्या तोंडी ते अगदी शोभायचं.

मी पुण्याच्या निर्झर पंप्समध्ये करार विभागाचा प्रमुख होतो. विभाग म्हणजे मी, एक टायपिस्ट आणि एक कपाट. ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. कंपनी चालवणाऱ्या आमच्या बर्वेसाहेबांच्या डोक्यात एक पंप होता. डोंगरावरच्या वाड्यांना पाणी चढवणारा, वजनाला हलका, दोन माणसांनी खांद्यावरून नेता येईल असा. त्याची बॉडी पातळ हवी. पातळ ओतकामात शिंत्र्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि पंपाच्या आखणीत आमचा. तेव्हा दोघांनी मिळून पंप काढायचा ठरलं. ठरायला एक जेवण पुरलं. ते कागदावर आणायला मला पूर्ण उन्हाळा लागला.

खरं सांगतो, तो इंग्रजी करार मी फार प्रेमाने लिहिला. कुणी बागेला कुंपण घालतं, तसं मी दोन्ही कंपन्यांना घातलं. आमची चाचणी त्यांना कळू नये, त्यांचं साच्याच्या वाळूचं मिश्रण आम्हाला कळू नये. एकाच्या माणसाने कंपनीच्या कामासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं तर दोन्हीकडची लेखी परवानगी हवी. माल नापास झाला तर कागदावर 'अनुत्तीर्ण' एवढंच लिहायचं, कारण लिहायचं नाही, कारण कारणावरून चाचणी ओळखता येते. आणि सगळ्यांत खाली माझं लाडकं सोळावं कलम: दोष एका बाजूच्या कामातून आला असं पुराव्याने दिसलं, तर दुसऱ्या बाजूने भागीदारी तिथल्या तिथे मोडावी. बर्वेसाहेबांनी ते वाचून माझी पाठ थोपटली होती. वहिनींनी मात्र करार चाळून बाजूला ठेवला आणि विचारलं, "सही कुठं करायची?"

भागीदारीवर देखरेखीला एक संयुक्त समिती होती. ती कऱ्हाडला भरायची, कारण कऱ्हाड मध्ये पडतं आणि कोणालाच दुसऱ्याच्या दारात जाण्याचा कमीपणा नको होता. हॉटेलातल्या खोलीत दोन इकडचे, दोन तिकडचे समोरासमोर बसायचे. आम्ही म्हणायचो माल नापास झाला. ते म्हणायचे सुधारणा केली आहे. काय सुधारणा, हे विचारायची सोय नव्हती. का नापास, हे सांगायची सोय नव्हती. मग जेवण यायचं. इतिवृत्तात मी लिहायचो, 'सखोल चर्चा झाली.'

असं करत चौथी खेपही नापास झाली. बर्वेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बेळगावची एक फौंड्री काम घ्यायला तयार होती.

"आता पुरे," ते म्हणाले. "कोल्हापूरला जा. खोट त्यांच्या कामात आहे याचा पुरावा आण. पुढच्या बैठकीत सोळावं कलम लावू आणि मोकळे होऊ."

दोन्ही कंपन्यांत पाय ठेवायची मुभा असलेला मी एकटाच प्राणी होतो. म्हणून परत आलेल्या मालाच्या टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून मी शिरोलीला पोचलो आणि पाहतो तो वहिनींनी घण उचललेला.

चहा पिताना त्या सहज बोलून गेल्या, की आमच्या पंपासाठी त्यांनी जुनी गिऱ्हाइकं सोडली. पिठाच्या गिरणीची, उसाच्या चरकाची ओतकामं त्यांच्याकडे पिढीजात होती, ती सगळी दुसऱ्यांकडे गेली. आता हा पंप हातचा गेला, तर एक भट्टी बंद आणि निम्मी माणसं घरी. त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं, आज भाजी काय केली हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. माझ्या बॅगेत सोळाव्या कलमाची प्रत होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "वहिनी, ती बॉडी कुठं गळत होती, हे पाहिलंत का फोडण्याआधी?"

"कसं बघणार? नापास माल तुम्ही तांबडा रंग फासून पाठवतासा. आणि बघून करायचं काय? खोटं ते खोटं."

मी कप खाली ठेवला. आम्ही चार वेळा न सांगता पाठवलं होतं आणि त्यांनी चार वेळा न बघता फोडलं होतं. आम्ही गुपित जपलं, त्यांनी अब्रू जपली, आणि बॉडी बिचारी कुठे गळते हे त्या दोन शहरांत फक्त एका माणसाला माहीत होतं.

तो माणूस म्हणजे पंपाची आखणी आणि चाचणी दोन्ही सांभाळणारे आमचे गद्रे. मी नाक्यावरच्या बूथवरून त्यांना फोन लावला आणि विचारलं, बॉडी नेमकी कुठे गळते.

"सांगता येत नाही," गद्रे म्हणाले. "कराराने बंदी आहे."

"अहो, मी आपल्याच कंपनीचा आहे."

"तुम्ही कोल्हापुरातून बोलताय. फोन कोण ऐकतंय मला काय माहीत? कलम तुम्हीच लिहिलंय वाळिंबे, मी फक्त पाळतोय."

गद्रे हा माणूस असा होता. नियम म्हटला की त्यांच्या अंगात उत्साह संचारायचा. नोकरीत लागल्यापासून त्यांनी आजारपणाखेरीज रजा घेतलेली कोणाला आठवत नव्हती. त्यांना शिंत्रे फौंड्रीत न्यायचं तर दोन्ही बाजूंची परवानगी हवी, म्हणजे बर्वेसाहेबांची सही हवी, आणि ती मिळणं शक्य नव्हतं. पुण्यात आल्यावर मी विचार करकरून थकलो. शेवटी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्याशी न बोलता सुधाताईंशी, त्यांच्या पत्नीशी, बोललो. कोल्हापूरच्या अंबाबाईला जाऊन किती दिवस झाले, असं विचारलं. सुधाताई म्हणाल्या, लग्नानंतर एकदा गेलो होतो, त्यानंतर यांना वेळ कुठे मिळतोय. पुढचं काम त्यांनीच केलं.

गद्रे बसमध्ये घुश्शातच होते. माझा डाव त्यांना कळला होता.

"हे नियमात बसत नाही," सातारा सोडल्यावर ते म्हणाले.

मी म्हटलं, करारात बंदी आहे ती कंपनीच्या कामासाठी जाण्याला. तुम्ही रजेवर आहात, देवीला आला आहात. परतीच्या वाटेवर एका ओळखीच्या बाईंकडे चहाला थांबायला कुठलं कलम आडवं येतं ते दाखवा. गद्र्यांनी कऱ्हाड येईपर्यंत मनातल्या मनात सगळी कलमं तपासली असावीत. कऱ्हाडला त्यांनी भजी मागवली. मी समजलो की गडी तयार आहे.

पाचवी खेप त्याच दिवशी सकाळी शिरोलीला परत गेली होती. तीही नापास. दर्शन झालं, सुधाताई ओटी भरून तृप्त झाल्या आणि दुपार कलता आम्ही शेडमध्ये शिरलो. वहिनींनी सुधाताईंना खुर्ची दिली, हळदीकुंकू लावलं, आणि गद्र्यांकडे बघून मला हळूच विचारलं, की हेच का ते रंग फासणारे. मग पदर खोचून त्या घणाकडे वळल्या.

"थांबा," गद्रे म्हणाले.

वहिनींचा घण अर्ध्यावर थांबला. गद्र्यांनी खिशातून घराची किल्ली काढली, बॉडीच्या मानेपाशी वाकले आणि तांबडा रंग खरवडू लागले. पंपाची मान म्हणजे पाण्याचा पाइप जिथे जोडतात तो भाग. रंगाखाली केसाएवढी बारीक रेघ निघाली.

"इथं," ते म्हणाले. "दर वेळी इथंच गळतं."

"दर येळी?" वहिनींनी घण खाली ठेवला. "पाची खेपंला?"

"पहिल्या खेपेला इथं तडा होता. पुढच्या चारांना गळती. जागा तीच."

"मग बोलला का न्हाईसा?"

गद्र्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दोघांनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच भट्टीकडे बघायला लागलो.

दस्तगीर मिस्त्री खाली बसले, मानेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, ही मान दर ड्रॉइंगला जाड का हुत चाललीया?"

"पहिल्या खेपेला तडा गेला म्हणून मी जाड केली. तरी गळली, म्हणून आणखी जाड केली. तुम्ही लोखंडाचा रस कसा ओतता?"

मिस्त्रींनी वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या भट्टीची गोष्ट आजवर बाहेरच्या कोणाला सांगितलेली नव्हती. वहिनींनी नुसती मान हलवली.

"तुमचा कागद आला, नापास," मिस्त्री म्हणाले. "आम्हाला वाटलं बॉडी पातळ हाय, रस कोपऱ्यापातूर पोचत न्हाई. म्हणून रस जास्ती तापवला. परत नापास. आणखी तापवला."

गद्रे खाली बसले, धोतर नेसलेल्या माणसासारखे मांडी घालून, त्या काळ्या वाळूत, परीटघडीच्या पँटीसकट. "जाड भाग शेवटी गोठतो," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आणि जास्त तापलेला रस गोठताना जास्त आक्रसतो. म्हणजे मी जाड करत गेलो, तुम्ही तापवत गेलात, आणि..."

"आणि आत भोकं पडत गेली," मिस्त्रींनी पुरं केलं. "पर बघितल्याबिगर काय खरं न्हाई."

बॉडी यंत्राच्या करवतीवर चढवली. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापायला वेळ लागतो. सुधाताई पुण्याहून आणलेले लाडू वाटत फिरत होत्या. गद्रे आणि मिस्त्री करवतीच्या दोन्ही बाजूंना उभे राहून एकमेकांना इतके प्रश्न विचारत होते, की समितीच्या वर्षभराच्या बैठकांत मिळून तेवढे विचारले गेले नसतील. दोन फाका वेगळ्या झाल्या तेव्हा शेडच्या दारातून आत येणारं ऊन पार तांबूस झालं होतं. मानेच्या आत, बरोबर मधोमध, भोकंच भोकं होती. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी.

मिस्त्रींनी फाकेत बोट घातलं. गद्र्यांनीही घातलं.

"मी मानेची जाडी उतरवून देतो," गद्रे म्हणाले.

"मी रस बेतानं तापवतो," मिस्त्री म्हणाले. "आणि मानेच्या वर जादा रसाची टोपी ठेवतो. आत आक्रसलं की वरून वडून घेईल. मग टोपी कापून टाकायची."

"यातलं एक करून भागणार नाही."

"न्हाई भागणार. दोन्ही पायजे."

मला त्या क्षणी इतका आनंद झाला, की मी दोन लाडू एकदम खाल्ले. आणि मग मिस्त्री उठून उभे राहिले, दाराकडे बघून म्हणाले, "वैनी, दिवस मावळाय लागला."

सगळे कामगार हातातलं काम थांबवून बघत होते. वहिनी त्या दोन फाकांसमोर उभ्या होत्या. सासऱ्यांनी चालवलेला, नवऱ्याने पाळलेला रिवाज होता तो. शिंत्र्यांच्या शेडमध्ये खोटा माल कधी रात्रभर राहिला नव्हता. वहिनींचा हात घणाच्या दांड्यावर होता आणि चेहरा इतका कसनुसा झाला होता, की मला तिकडे बघवेना.

"ऱ्हाऊ दे," त्या शेवटी म्हणाल्या. "फोडलं तर परत आंधळंच काम. एक फाक हितं ऱ्हाईल. दुसरी वाळिंबेसाहेब, तुम्ही न्या. कमिटीफुडं ठेवा."

त्यांनी ती फाक स्वतःच्या हाताने गोणपाटात गुंडाळली आणि माझ्या पुढ्यात धरली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बर्वेसाहेबांनी मला जे आणायला पाठवलं होतं, ते हेच. शिंत्र्यांच्या भट्टीत ओतलेली, आतून पोखरलेली, डोळ्यांना दिसणारी खोट. सोळाव्या कलमाला याहून जास्त काही लागत नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "देण्याआधी एक ऐका. करारात एक कलम आहे..."

"त्या कराराचं तुमचं तुम्हाला ठाऊक," त्यांनी मला मध्येच तोडलं. "मला विंग्रजी कुठं येतंय? न्या म्हटलं की न्यायचं."

परतीच्या बसमध्ये सुधाताई खिडकीला डोकं टेकून झोपल्या, गद्रे रजेच्या अर्जाच्या मागच्या बाजूला मानेचं चित्र काढत बसले आणि मी मांडीवर ते गोणपाट घेऊन जागा होतो. वजन फार नव्हतं. तरी माझ्या मांड्या भरून आल्या.

बातम्यांना पाय असतात. दुसऱ्याच दिवशी बर्वेसाहेबांचं बोलावणं आलं.

"पुरावा मिळाला म्हणे."

"मिळाला."

"दे इकडे."

"बैठकीत देतो साहेब. वहिनी समोर असताना." मग मी त्यांना सगळं सांगितलं, आमच्या जाड होत गेलेल्या मानेसकट.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मान जाड केलेली कोणाला दिसणार आहे?" ते म्हणाले. "भोकं दिसतात. भोकं कास्टिंगमध्ये आहेत आणि कास्टिंग त्यांचं आहे. तुझं कलम भोकांबद्दलच आहे ना?"

"कलम एका बाजूच्या दोषाबद्दल आहे. हा एका बाजूचा नाही."

"हे कोण ठरवणार? तू?"

"समिती. तसंही लिहिलेलं आहे."

"वाळिंबे, तू पगार कुणाचा घेतोस?"

त्याला एकच उत्तर होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. त्यांनी हाताने मला जायची खूण केली. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, की तुझ्या भावाच्या दुकानात कोणी हिशेबनीस हवा असेल तर विचारून ठेव. ती म्हणाली, त्याला माणूस कामाचा लागतो. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

कऱ्हाडच्या त्या खोलीत एका बाजूला बर्वेसाहेब आणि मी, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि दस्तगीर मिस्त्री. गद्रे समितीचे सदस्य नव्हते. ते पुन्हा रजा टाकून आले होते आणि दाराशी स्टुलावर बसले होते. बर्वेसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मी गोणपाट सोडलं आणि फाक टेबलावर ठेवली.

"हे तुमच्याकडे ओतलेलं आहे, मान्य?" बर्वेसाहेबांनी विचारलं.

"मान्य," वहिनी म्हणाल्या.

"भोकं आहेत, मान्य?"

"दिसत्यातच की."

"वाळिंबे, सोळावं कलम वाचून दाखव."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. नजरेत विनवणी नव्हती, राग नव्हता, त्या नुसत्या बघत होत्या. मी कराराची प्रत उघडली आणि टेबलावर पालथी घातली.

"वाचतो साहेब. कलम दोषाबद्दल आहे, तेव्हा दोष कुठून आला हे आधी समितीने ऐकायला हवं. ते नुसतं भोकं बघून कळत नाही. गद्र्यांना बोलू द्या. नाहीतर ते कलम मी वाचणार नाही, दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या."

गद्रे उठले. मला वाटलं आता हे नियम सांगतील, सदस्य नसलेल्याने बोलू नये म्हणून.

"साहेब, ही मान मी जाड केली," ते म्हणाले. "ड्रॉइंगवर सही माझी आहे. हेच ड्रॉइंग बेळगावला द्या, आणखी कुठे द्या, इथंच गळणार. मिस्त्रींनी एकट्याने सुधारलं तरी गळणार, मी एकट्याने सुधारलं तरी गळणार. दोघांनी एकदम केलं तर नाही गळणार."

"हे तुला सांगितलं कोणी?"

"सांगितलं कोणीच नाही. अर्धं मला माहीत होतं, अर्धं यांना. एकमेकांना विचारल्यावर कळलं."

बर्वेसाहेब कितीही कडक असले, तरी मूळचा माणूस यंत्रांतला. त्यांनी फाक हातात घेतली, उजेडाकडे धरली, भोकात नख घालून पाहिलं. जेवण आलं तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"एक खेप," ते शेवटी म्हणाले. "ही गळली तर मी कोणाचं ऐकणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुझ्याशी मी नंतर बोलेन."

त्या दिवशी इतिवृत्तात मी पहिल्यांदाच 'सखोल चर्चा झाली' असं लिहिलं नाही. नापास माल दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बघितल्याशिवाय रंगवायचा नाही आणि फोडायचा नाही, असं लिहिलं. खाली चौघांच्या सह्या घेतल्या आणि गद्र्यांचीही घेतली, ते सदस्य नसताना.

पुढची खेप पास झाली. त्यानंतर शिंत्र्यांच्या शेडमध्ये एक लांब फळी आली. तिच्यावर खोट्या मालाच्या फाका खडूने खुणा करून मांडलेल्या असत. गद्रे महिन्यातून एकदा तिथे जाऊ लागले, आता परवानगीने. मिस्त्री पुण्याला आले तेव्हा चाचणीच्या हौदापुढे तासभर उभे राहिले आणि जाताना दोन सूचना करून गेले. दुसरा पंप काढला त्याला पहिल्याच्या निम्माही त्रास झाला नाही. फळीवर साठलेलं शहाणपण पुण्याचं किती आणि कोल्हापूरचं किती, असं एका वकिलाने मला विचारलं. मी त्याला म्हटलं, तुम्हाला निवडून देता आलं तर मलाही कळवा. बर्वेसाहेब माझ्याशी जे नंतर बोलणार होते, ते बोलायचं राहूनच गेलं.

आणखी एक वर्ष सरलं आणि करार नवा करायची वेळ आली. या वेळी बर्वेसाहेब स्वतः शिरोलीला आले. वहिनींच्या लहानशा ऑफिसात आम्ही तिघं बसलो. कारण न लिहिण्याचं कलम गेलं, परवानगीचं गेलं. सोळाव्यापाशी आलो तेव्हा बर्वेसाहेब घसा खाकरून म्हणाले, "हे काढून टाक. आता नको ते." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दिलगिरीच होती. मी पेनाचं टोपण काढलं.

"ऱ्हाऊ दे की," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, ते कलम काय आहे माहीत आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"एकाची खोट पुराव्यानं दिसली, तर दुसऱ्यानं जागच्या जागी मोडायचं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "पण तुम्हाला इंग्रजी..."

"मला येत न्हाई. माझ्या भावाला येतंय, त्यो कागलला वकिली करतो. पयल्या सह्यांच्या आदीच त्यानं सगळं वाचून मराठीत सांगितलं. सोळावं आलं तवा म्हणाला, आक्का, ह्ये काढायला लाव."

"मग लावलं का नाहीत?"

"ह्ये काढलं असतं तर तुम्ही दुसरं काय तर घातलं असतासा. ते मला दिसलं नसतं. ह्ये दिसत व्हतं."

बर्वेसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर ती संध्याकाळ आली आणि गोणपाट पुढे करणारे वहिनींचे हात.

"म्हणजे ती फाक माझ्याकडे दिलीत, तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं? मी सांगायला गेलो तर तुम्ही मला बोलू दिलं नाहीत."

"न्हाई दिलं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सांगून मोकळं झाला असतासा. मग फुडं जे झालं असतं ते माझ्या नशिबावर ढकललं असतं. मला तुम्ही मोकळं व्हायला नको व्हतासा. शेडातली निम्मी माणसं मी तुमच्या वटीत घालून दिली व्हती. ती घिऊन तुम्ही कुठं जातासा, ह्ये मला बघायचं व्हतं."

वहिनींनी कागद स्वतःकडे ओढला, सोळाव्या कलमासकट शेवटच्या पानावर सही केली आणि तो माझ्यापुढे सरकवला.

"साक्षीदार म्हणून तुमची सही करा, भावजी," त्या म्हणाल्या. आजवर मी त्यांचा वाळिंबेसाहेब होतो.